दोन गाण्यांतली आशा पुथली

आशा पुथलीचं नाव मराठी घरांत क्वचितच निघतं. ती जन्मली मुंबईत, १९४५ साली. वाढली मुंबईत, गाणंही इथेच शिकली. सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या रेकॉर्डसाठी ती दोन गाणी गायली. दोन्ही मिळून साधारण सात मिनिटं. भारतीय गळ्याने जॅझमध्ये केलेलं हे सर्वांत मोठं काम, असं माझं ठाम मत आहे. माझा संगीताशी संबंध वसईच्या ब्रास बँडमुळे. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात घर, मासेमारीचं कुटुंब, आणि लग्नसराईत खांद्यावर ट्रम्पेट. याच कानांनी मी आशाला ऐकत आलो. त्या ऐकण्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

१. आधी ही दोन गाणी ऐकावीत, बाकी सगळं नंतर

‘सायन्स फिक्शन’ची सुरुवातच ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ या गाण्याने होते. नेहमीच्या गाण्यासारखी इथे प्रस्तावना नाही, म्युझिक पीस नाही. सगळे एकदम सुरू होतात. दोन ड्रमवाले, बिली हिगिन्स आणि एड ब्लॅकवेल, एकाच वेळी अतिशय वेगात वाजवत असतात. खाली चार्ली हेडनचा डबल बेस. वर कोलमनचा अल्टो सॅक्सोफोन, ड्युई रेडमनचा टेनर आणि दोन ट्रम्पेट. या सगळ्यावर आशाचा आवाज लांब, संथ ओळी गातो. खाली धावपळ, वर कमालीचा निवांतपणा.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की गाणारी आणि ड्रमवाले वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाजवत आहेत. दोनतीनदा ऐकलं की कळतं, ती त्या वेगाला नीट ऐकते आहे, फक्त त्याच्या मागे धावत नाही. आमच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी आणि समोरून येणारा वारा भिडले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेव्हा जुना तांडेल सुकाणू सारखं हलवत नाही. एकदा दिशा धरतो आणि होडीला तिच्या तिच्या वजनाने जाऊ देतो. आशाच्या स्वराला तसं वजन आहे.

दुसरं गाणं ‘ऑल माय लाइफ’. हे जरा सोपं. प्रेमगीतच म्हणावं असं. जॅझची अजिबात सवय नसलेल्याला मी आधी हे ऐकवतो, आणि ते पचलं की पहिलं.

ही दोन गाणी सोडून त्या रेकॉर्डवर आणखीही बरंच आहे. मधल्या एका तुकड्यात डेव्हिड हेंडरसन हा कवी कविता म्हणतो आणि त्यात तान्ह्या मुलाचं रडणं मिसळलेलं आहे. डॉन चेरी आणि बॉबी ब्रॅडफर्डसारखे वादक आहेत. ते सगळं दणदणीत, अंगावर येणारं संगीत आहे. त्या गदारोळात ही दोन गाणी दोन खिडक्यांसारखी ठेवलेली नाहीत. तीही त्याच जातीची, तितकीच अवघड आहेत. आवाज माणसाचा असल्यामुळे आपण तिथे थांबतो, एवढंच.

२. आवाज वाद्यांच्या ओळीत उभा राहू शकतो

आपल्याकडे गाणारा पुढे आणि वाजवणारे मागे, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याचा विचारही आपण करत नाही. तबला साथीला, पेटी साथीला, सिनेमात तर शंभर वादक एका गळ्याच्या साथीला. आमच्या ब्रास बँडमध्ये मात्र गाणाराच नसतो. कोळीगीत असो, चर्चमधलं भजन असो की हिंदी सिनेमाचं गाणं, गळ्याची ओळ ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटला घ्यावी लागते. त्यामुळे आमचा प्रश्न नेहमी उलटा असतो: वाद्याने माणसासारखं कसं गावं?

कोलमनच्या गाण्यात आशापुढे आमचाच प्रश्न उलट बाजूने आला. चार फुंकवाद्यांच्या रांगेत पाचवं म्हणून उभं राहायचं होतं. तिथे ट्रम्पेट वाजवणाऱ्यांपैकी एक होता जेरार्ड श्वार्झ, जो पुढे सिएटल सिम्फनीचा संचालक झाला. म्हणजे शेजारी सुराला अत्यंत काटेकोर माणसं, आणि समोर कोलमन, ज्याचा सूर पियानोच्या पट्ट्यांत बसत नाही. तो मुद्दाम किंचित चढा, किंचित उतरा, बोलल्यासारखा वाजवतो. या दोन टोकांच्या मधोमध आशाने आपला स्वर लावला आहे. तो कधी ट्रम्पेटला चिकटतो, कधी सॅक्सोफोनकडे झुकतो. त्याला कंप जवळजवळ नाही. शब्दाच्या शेवटी ती स्वर गुंडाळून घेत नाही, वाद्याचा श्वास संपतो तसा तो सोडून देते.

ट्रम्पेटवाल्याला इथली मेहनत चटकन दिसते. लांब स्वर हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम. जलद तुकडे बोटांच्या सवयीवर निघून जातात. संथ ओळीत ओठ थकला की लगेच उघडं पडतं, आणि वरातीत रात्री उशिरा ते नेमकं नवरीच्या दारात पडतं. आशाच्या त्या ओळींत मोठमोठ्या उड्या आहेत, खालच्या स्वरावरून एकदम वर. अशा उडीनंतर वरच्या स्वरावर पोचताना ती दम देत नाही, जोर करत नाही. आमच्या बँडमास्तरांनी ते गाणं ऐकून फक्त एवढंच विचारलं होतं की बाई श्वास कुठे घेतात. मग ते पुन्हा लावायला सांगून डोळे मिटून श्वासाच्या जागा शोधत बसले. दाद म्हणून मला याहून मोठं काही सुचत नाही.

इथे बँडवाल्यांच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ट्रम्पेट बी-फ्लॅटचं, अल्टो सॅक्स ई-फ्लॅटचा. दोघांनी एकाच कागदावरचा एकच ‘सा’ वाजवला तर कानाला दोन वेगळे स्वर येतात. म्हणून प्रत्येकाचा पार्ट वेगळा लिहावा लागतो. नव्या मुलाने घाईत दुसऱ्याचा कागद समोर ठेवला की काय होतं हे ज्याने ऐकलं आहे तो ते विसरत नाही. ऑर्नेट कोलमनने नेमक्या याच फरकाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. एकच सुरावट निरनिराळ्या वाद्यांनी आपापल्या उंचीवरून वाजवली तर त्यातूनही संगीत उभं राहतं, असा त्याचा विचार होता. तो टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ गावचा, १९३० चा जन्म, १९५९ च्या ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’ या रेकॉर्डने त्याने जॅझमधल्या पंडितांना दोन तटांत विभागलं होतं. नेहमीच्या जॅझ गायिकेला पियानोवरचे कॉर्ड आधार देतात. कोलमनच्या त्या मेळात पियानोच नाही. आधाराशिवाय सूर धरणं हे ज्याच्या शिक्षणात आहे अशाच गळ्याला ते जमणार होतं.

३. तालीम दाखवायची नसते

आशाला हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचं शिक्षण होतं, आणि पाश्चात्त्य ऑपेराचंही. तानपुऱ्याच्या दोन स्वरांवर उभं राहून बाकीचे स्वर आपल्या आपण शोधायचे, ही हिंदुस्थानी गाण्याची पहिली शिकवण. वर म्हटलं ते बळ तिला इथून मिळालं असणार.

पण त्या दोन गाण्यांत एकही तान नाही. सरगम नाही. कुठे ‘मी भारतीय आहे’ असं सांगणारी मुरकी नाही. १९७१ साली हा मोह टाळणं सोपं नव्हतं. सतार तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत फॅशनमध्ये होती. लंडनमध्ये जो हॅरियट आणि कलकत्त्याचा जॉन मेयर यांनी भारतीय आणि जॅझ वादक समोरासमोर बसवून रेकॉर्ड काढल्या होत्या. पुढे ‘शक्ती’ हा भारतीय संगीत आणि जॅझ यांचा मेळ आला, आणि तो थोर आहे यात शंका नाही. तरी अशा बहुतेक प्रयोगांत आपल्याला शिवण दिसते: हा भाग इकडचा, हा तिकडचा. आशाच्या गाण्यात शिवण सापडत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली जागा भरत जाण्याची जी रीत आहे, आपण जिला मींड म्हणतो, ती तिथे आहे. पण इतकी बारीक की ब्लूज गाणाऱ्याला ती आपली वाटावी.

मला वाटतं, तिला आपल्याकडे दाद न मिळण्याचं हेही एक कारण आहे. परदेशात गेलेल्या कलावंताने आपली ओळख अंगावर बाळगावी, अशी आपली अपेक्षा असते. ज्याने ती आत उतरवली त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही.

४. चरित्र गाण्याच्या नंतर

तिची हकीकत रंजक आहे आणि म्हणूनच धोक्याची आहे. मुंबईत शास्त्रीय संगीत शिकणारी मुलगी रेडिओवर व्हॉइस ऑफ अमेरिका ऐकते, जॅझच्या नादी लागते, शहरातल्या बँडबरोबर गाते. १९६८ च्या सुमारास ‘द सर्फर्स’बरोबर एक छोटी रेकॉर्डही निघते. अमेरिकेला जायचं म्हणून विमान कंपनीत हवाई सुंदरीची नोकरी धरते. मार्था ग्रॅहमच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्क गाठते. वेद मेहता या लेखकाने मुंबईच्या जॅझबद्दल लिहिताना तिच्यावर लिहिलेलं असतं, ते १९७० च्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या पुस्तकात येतं. आणि ती पोचते जॉन हॅमंडपर्यंत. बिली हॉलिडे, अरीथा फ्रँकलिन, बॉब डिलन यांना पुढे आणणारा हाच माणूस. त्याच्याकडून कोलमनकडे.

हे सगळं सांगितलं की ऐकणारे खूश होतात आणि गाणं ऐकायचं राहून जातं. आमच्या तरुण वादकांना मी म्हणून आधी गाणं लावून देतो. कोण गाते आहे ते सांगत नाही. एकाला वाटलं आफ्रिकेची कुणी असावी, एकाला वाटलं ब्राझीलची. मुंबईची आहे म्हटल्यावर ते पुन्हा ऐकतात, आणि दुसरं ऐकणं पहिल्यापेक्षा जास्त सावध असतं.

५. गाव ज्याला उचलून धरतं ते टिकतं

पाचूबंदरला, आणि एकूणच वसईच्या ख्रिस्ती लग्नांत, जॅझ नाही असं कुणी समजू नये. ते लॉर्नाच्या रूपाने आहे. लॉर्ना कोर्डेरो मुंबईच्या कावेलची, वयाने आशाच्याच आगेमागे. मडगावचा ट्रम्पेटवाला ख्रिस पेरी याने तिला पुढे आणलं, आणि दोघांनी मिळून कोकणी गाण्यात असा काही स्विंग आणला की ‘बेबदो’ आणि ‘पिसो’ आजही वाजली की म्हाताऱ्या बायकाही मांडवात उतरतात. ‘नाचोंया कुंपासार’ तर आमच्या बँडच्या वहीत पहिल्या पानावर आहे. ती जोडी फुटली आणि लॉर्ना दोन दशकांहून अधिक काळ गायली नाही. १९९५ साली गोव्यात मिरामारला ती पुन्हा मंचावर आली. तिच्या आणि ख्रिसच्या गाण्यांवर बार्द्रॉय बार्रेटोने ‘नाचोंया कुंपासार’ याच नावाचा सिनेमा काढला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

लॉर्नाची गायकी ऐकायला मी कुणालाही दिवसभर बसवून ठेवीन. तिचा आवाज ट्रम्पेटला तोडीस तोड, टोकदार, समोर येऊन बोलणारा. शब्द थोडा अलीकडे किंवा पलीकडे टाकून तालाला झोका देण्याची तिची हातोटी बघून मी फुंकायला शिकलो आहे. पण तिला टिकवलं ते लोकांनी. वीस-बावीस वर्षं गायिका गप्प होती तरी गोव्यात, धोबीतलावच्या कुडांत म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहांत, वसईच्या मांडवांत, आखातात नोकरीला गेलेल्यांच्या कॅसेटमध्ये तिची गाणी चालू होती. भाषा आपली होती, नाच आपला होता.

आशाच्या वाट्याला असं गाव आलं नाही. मुंबईने तिला जाऊ दिलं. न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांनी तिला ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षकांच्या मतचाचणीत मान दिला, पण पुढच्या तिच्या गाण्यांनी ते बिचकले. युरोपातल्या नाचघरांनी तिला घेतलं, पण त्यांना तिची जॅझची बाजू ठाऊक नव्हती. तिचं काम तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या लोकांकडे राहिलं आणि सगळे तुकडे एकत्र कुणाच्याच घरात नव्हते.

मुंबईच्या जॅझबद्दल थोडी आस्था असलेल्या वाचकाने नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ जरूर वाचावं. ताजमहाल हॉटेलात १९३५ पासून वाजू लागलेलं हे संगीत गोवेकर वादकांच्या हातून सिनेमात कसं शिरलं ते त्यात आहे. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’त चिक चॉकलेटला सोबत घेतलं तेव्हा, म्हणजे १९५१ साली, मराठी कानांत जॅझ शिरलंच होतं. आशा त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे, परकी नाही.

६. नाचाच्या गाण्यातही कान उघडे ठेवावेत

१९७३ साली लंडनमध्ये सीबीएससाठी आशाची पहिली स्वतंत्र रेकॉर्ड निघाली. निर्माता डेल न्यूमन, जो एल्टन जॉनच्या रेकॉर्डवरच्या तंतुवाद्यांच्या रचनांसाठी ओळखला जातो. इथे जे. जे. केलचं ‘राइट डाउन हिअर’ आहे, जॉर्ज हॅरिसनचं ‘आय डिग लव्ह’ आहे. पुढे १९७६ मध्ये जर्मनीत ‘द डेव्हिल इज लूज’. जॅझचे कडवे चाहते इथे मान फिरवतात. डिस्को म्हणतात.

मला ते पटत नाही. कोलमनबरोबर तिने गळा वाद्यासारखा उघडा टाकला होता. इथे तोच गळा कुजबुजीवर आणला आहे आणि मायक्रोफोनच्या अगदी जवळ नेला आहे. हलकं गाणं म्हणजे सोपं गाणं नव्हे. आवाज जितका कमी करत न्यावा तितका सूर डळमळतो. ट्रम्पेटला म्यूट लावून मांडवात एक संथ चाल वाजवून पाहावी, म्हणजे कळेल. ‘द डेव्हिल इज लूज’मधल्या ‘स्पेस टॉक’मध्ये ती तालाच्या किंचित मागे राहते. गाणं नाचाचं, पण गाणारीला कसलीच घाई नाही. हे ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’मधलंच तत्त्व झालं: खाली वेग, वर निवांतपणा. बाईने एकच गोष्ट दोन वेगळ्या जगांत नेऊन सिद्ध केली.

‘द डेव्हिल इज लूज’चं पहिलंच गाणं ‘फ्लाइंग फिश’. कोळ्याच्या पोराला नाव ऐकूनच आपुलकी वाटली, हे खरं. पण ते गाणंही चांगलं आहे.

सगळं काम सारख्या मोलाचं आहे असं मी म्हणणार नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी काही गाण्यांत साज इतका दाट झाला आहे की तिच्या आवाजाला जागाच उरत नाही. ती गाणी मी एकदा ऐकली आणि ठेवून दिली. एखाद्यावर प्रेम असलं तरी निवड करावी लागते, आणि तशी निवड केल्यानेच मला ती दोन गाणी आणि १९७३ ची रेकॉर्ड यांची खरी किंमत कळली.

७. नावं वाचावीत

रेकॉर्डच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेली नावं हा माझ्या शिक्षणाचा मोठा भाग आहे. ‘सायन्स फिक्शन’च्या पुढच्या बाजूला नाव कोलमनचं. १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅप गायकाच्या ‘लाइफ आफ्टर डेथ’मधल्या एका गाण्यात ‘स्पेस टॉक’चा तुकडा वापरला गेला. लाखो लोकांनी ते ऐकलं, आवाज कुणाचा हे फारच थोड्यांना कळलं. १९७९ च्या एका इटालियन सिनेमात ‘गॉब्लिन’च्या संगीतावर ती गायली आणि त्यात कामही केलं. त्याआधी १९७२ मध्ये मर्चंट-आयव्हरींच्या ‘सॅव्हेजेस’मध्ये ती दिसते. एवढं सगळं पसरलेलं काम एका नावाखाली गोळा करायचं तर नावं वाचण्याला पर्याय नाही. आमच्या बँडमधल्या कुणाचंही नाव कधी कुठल्या लग्नाच्या व्हिडिओवर आलेलं नाही, म्हणून ही सवय मला जास्तच जवळची वाटते.

८. खाऱ्या हवेत रेकॉर्ड सांभाळण्याबद्दल

पाचूबंदरला समुद्र घराच्या पाठीशी. इथे लोखंड टिकत नाही, वायर हिरवी पडते, स्पीकरचा कागद दोन पावसाळ्यांत सैल होतो. रेकॉर्डवर जूनमध्ये बुरशीचे ठिपके दिसू लागतात. कागदी पाकिटं ओल धरतात, म्हणून रेकॉर्ड त्यातून काढून साध्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचू नयेत, वजनाने वाकतात. पुसताना कोरडा फडका फिरवला तर मिठाचे कण चर ओरबाडतात. ऊर्ध्वपातित पाणी, मऊ सुती कापड, चराच्या दिशेने गोल, आणि मग सावलीत वाळवणं. सुई वेळेवर बदलावी.

मोबाइलवर ऐकणाऱ्यांना यातलं काही करावं लागत नाही, पण त्यांच्यासाठी वेगळी सूचना आहे. मोबाइलच्या स्पीकरमधून चार्ली हेडनचा बेस ऐकूच येत नाही. तो गेला की त्या गाण्यांच्या पायाखालची जमीनच जाते, आणि मग आशाचा स्वर अधांतरी, विचित्र वाटतो. ‘हे काय गाणं आहे’ असं म्हणणारे बहुतेक लोक मोबाइलवर ऐकून म्हणत असतात. चांगले हेडफोन लावले की त्यातल्या अनेकांचं मत बदलतं.

ऐकायला आमच्याकडे उत्तम काळ म्हणजे जून-जुलै. मासेमारी बंद, बोटी शाकारलेल्या, लग्नं नाहीत. जाळी विणण्या-सांधण्याचं काम हातांना असतं आणि कान मोकळे असतात. हातात काम असताना ऐकलेलं संगीत वेगळं मुरतं, हा माझा अनुभव आहे. गाण्याकडे टक लावून बसलं की आपण त्याच्याकडून काहीतरी मागत राहतो.

९. वाजवून पाहावं

ऐकणाऱ्याने गुणगुणावं, वाजवणाऱ्याने वाजवावं, त्याशिवाय रेकॉर्ड पूर्ण हाती येत नाही. ‘ऑल माय लाइफ’ची ओळ मी कानाने उतरवून घेतली. मात्रांच्या खणांत ती बसेना, कारण ती खणांत गायलेलीच नाही. शेवटी बार-रेघा पुसून टाकल्या आणि फक्त स्वर लिहिले, श्वासाच्या जागी खूण. बँडमधल्या मुलांना हे फार नवीन. साईड ड्रमवाल्याला सांगितलं की तू जलद वाजव आणि आमची वाट बघू नकोस. आम्हाला म्हटलं की त्याच्याकडे लक्ष द्यायचं, पण त्याच्याबरोबर जायचं नाही. सुरुवातीला सगळे नकळत त्याच्या वेगात ओढले जात होते. वरातीची सवय पायांत असते.

मग एका तालमीत आम्ही डोळे मिटून, एकमेकांचा श्वास ऐकून सुरुवात केली आणि काही ओळी जमल्या. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, सगळे मिळून एक लांब स्वर सोडत होते आणि खाली ड्रम सुसाट. बाहेर काम करणाऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांपैकी एका आजीने विचारलं, हे चर्चचं गाणं आहे का. मला तो प्रश्न फार बरोबर वाटला. संथ, सगळ्यांनी मिळून म्हणायच्या गाण्याचा काहीतरी अंश त्यात आहेच.

आशाची स्वतःची ओळ मी आपल्या ट्रम्पेटला घेतली होती. आमच्यात क्लॅरिनेट वाजवणारी एक मुलगी आहे, कॉलेजात शिकते. तालमीनंतर ती म्हणाली, “काका, ही ओळ ट्रम्पेटची नाही. ट्रम्पेट सांगतं. ही बाई सांगत नाहीये, विचारतेय.” तिने घरी जाऊन मूळ गाणं स्वतः ऐकलं होतं. पुढच्या तालमीला ती तिचा पार्ट बी-फ्लॅटमध्ये लिहून घेऊन आली, श्वासाच्या खुणा माझ्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी घातलेल्या. एक लांब ओळ, जी मी मध्ये तोडली होती, ती तिने एका दमात ठेवली होती. मी मूळ गाणं परत लावून तपासलं. आशा तिथे श्वास घेत नाही. आता ती ओळ क्लॅरिनेटकडे आहे आणि मी शेजारी दुसऱ्या ट्रम्पेटचा स्वर धरतो.